रंजिताच्या कपाटातला नारळ

समजा, सकाळचे साडेसहा वाजलेत आणि तुम्ही एका लोखंडी जंगलात शिरताय. यात झाडं नाहीत, मनगटाएवढ्या जाडीचे टेकू आहेत. एकमेकांपासून मीटरभर अंतरावर, रांगांनी उभे, तीनशे बारा. मधल्या आडव्या पाइपांखालून वाकत वाकत पुढं जायचं. डोक्यावर प्लायवूडचं छत, त्यावर सळयांची जाळी. अजून दोन तासांनी त्या छतावर साठ घनमीटर ओलं काँक्रीट पडायला लागेल. वजन दीडशे टन, म्हणजे माणसांनी खच्चून भरलेल्या दहा एसट्या. तो सगळा भार या टेकूंवर येणार, आणि वर माल पडत असताना चार माणसं खाली याच जंगलात उभी राहून टेकूंवर नजर ठेवणार.

तुमच्या हातात फक्त एक छोटी हातोडी आहे. प्रत्येक टेकूवर एक टोला मारायचा आणि ऐकायचं. टेकू घट्ट बसला असेल तर आवाज आखूड आणि कोरडा येतो, टण्. सैल असेल तर रिकाम्या डब्यात चमचा हलवल्यासारखा खडखडतो. असे तीनशे बारा टोले. दोनशेच्या आसपास कान कंटाळतो, आणि कंटाळलेल्या कानाला सगळे टेकू सारखेच वाटायला लागतात. तेव्हा तुम्ही काय कराल?

रंजिता मोकल अशा वेळी बाहेर येते. पाण्याचे दोन घोट घेते, खिशातले चार शेंगदाणे तोंडात टाकते आणि परत आत जाते. जिथं थांबली होती तिथून नाही, दहा टेकू मागून सुरू करते. सगळं झालं की साईट ऑफिसात जाऊन आपलं लोखंडी कपाट उघडते. त्यात एक नारळ असतो. तो नारळ तिनं दिल्याशिवाय पनवेलजवळच्या करंजाड्याच्या त्या साईटवर स्लॅब पडत नाही.

रंजिताचं वय तेहेतीस. पनवेलात डिप्लोमा केला, पुढं सेफ्टीचा कोर्स केला, आणि आता ती या चौदा मजली इमारतीवर सेफ्टी सुपरवायझर आहे. नवरा न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात कामाला. वडील जगन मोकल, ज्यांचं उभं आयुष्य मिठागरात गेलं. मिठागरं बुजली, त्यावर रस्ते आणि इमारती आल्या, आणि जगनची लेक त्याच मातीवर हेल्मेट घालून फिरायला लागली. जगनला याचं वाईट वाटत नाही. तो म्हणतो, "आमी पन भुईच राखत होतो, ती पन भुईच राखतंय."

नारळाची गोष्ट मात्र जरा मागून सांगायला हवी.

स्लॅबच्या दिवशी काँक्रीटच्या पंपापुढं नारळ फोडायची पद्धत सगळीकडं आहे. तिच्यामागं आणखी एक न लिहिलेला नियम आहे. एकदा नारळ फुटला की स्लॅब थांबवायचा नाही. थांबला तर अपशकुन. पाच वर्षांपूर्वी कळंबोलीच्या पुढच्या एका साईटवर रंजिता नवीन होती. नारळ फुटला, प्रसाद वाटला, पंप सुरू झाला, आणि तेव्हा तिला कोपऱ्यातले चार टेकू सैल दिसले. ती फोरमनकडं पळत गेली. फोरमननं तोंडातलं खोबरं चावत सांगितलं, "नारळ फुटलाय मॅडम. आता अभद्र बोलू नका. माणूस पाठवतो, आवळून येईल."

तो माणूस म्हणजे गोरख. माथेरानच्या डोंगराच्या पायथ्याच्या वाडीतला, हलका आणि चपळ. तो टेकू आवळायला वाकला आणि छताचा कोपरा वीतभर खाली आला. जीव वाचला. डावा पाय घोट्यातून गेला तो पुन्हा सरळ झाला नाही.

त्या दिवसानंतर रंजितानं तपासणीचे कागद आणखी कडक केले. दोन पानांचा तक्ता, तीन सह्या. पण तिच्या लवकरच लक्षात आलं की तक्ता आदल्या संध्याकाळी चहा पिताना बसल्या जागी भरला जातो. सगळ्या चौकटींत एकाच पेनाच्या, एकाच वळणाच्या खुणा असायच्या. साईटवर कागद चुकायचे, सह्या चुकायच्या, हेल्मेटचे पट्टे लावायचे राहायचे. एक गोष्ट तेवढी कधी चुकायची नाही, ती म्हणजे नारळ. एकदा दुकान बंद होतं तर पंपवाला अर्धा तास इंजिन बंद करून बसून राहिला, पण नारळाशिवाय त्यानं बटण दाबलं नाही.

करंजाड्याच्या साईटवर आल्यावर तिनं पहिल्याच आठवड्यात स्टोअरमध्ये जाऊन सांगितलं, "स्लॅबचा नारळ इथून पुढं माझ्या कपाटात ठेवायचा." स्टोअरकीपर गोरखच होता. त्याला ती नोकरी रंजितानंच भांडून मिळवून दिली होती. त्यानं तिच्याकडं बघितलं, मग आपल्या पायाकडं बघितलं आणि नारळ पिशवीतून काढून तिच्या हातात दिला.

सुरुवातीला लोक हसले. 'नारळवाली मॅडम' असं नाव पडलं. शटरिंगचा, म्हणजे छताचा साचा आणि टेकू लावणाऱ्यांचा, मुकादम शुक्रा, गोरखचा धाकटा भाऊ, तिला बघून मुद्दाम विचारायचा, "मॅडम, नारळ पिकला का?" ती म्हणायची, "तुझे टेकू पिकले की सांगते." तीन वर्षं झाली. एकवीस स्लॅब पडले. प्रत्येक वेळी आधी हातोडी, मग नारळ. लोकांना त्याची इतकी सवय झाली की हे कुणी सुरू केलं तेही बरेच जण विसरले. नवीन आलेल्या कामगारांना वाटायचं, या भागातली प्रथाच असेल.

मग माघातला तो गुरुवार आला.

इमारतीच्या मागच्या बाजूला पोडियमचा शेवटचा तुकडा राहिला होता. पोडियम म्हणजे पार्किंगच्या डोक्यावरचं सपाट अंगण. त्यावर बाग होणार होती आणि एक छोटं देऊळ. देऊळ होणार म्हणून बिल्डर धनेशशेठ घरतांनी ब्राह्मणाकडून मुहूर्त काढून घेतला होता, सकाळी आठ वीसचा. नारळ फोडणार त्यांची आई, भामाआय, वय अठ्ठ्याहत्तर. धनेशशेठ रंजिताच्याच गावचे. तिला लहानपणापासून ओळखायचे. साईटवर ते तिला चारचौघांत मॅडम म्हणायचे आणि चिडले की रंजे.

या तुकड्याचे टेकू बाकीच्यांसारखे पक्क्या जमिनीवर नव्हते. खाली भराव होता, खाडीकडची माती टाकून दाबलेला. आदल्या संध्याकाळी रंजितानं प्रोजेक्ट मॅनेजर विश्वजीत सरांना सोबत घेऊन सगळे टेकू वाजवले होते. सगळे टण्. तरी सकाळी ती पुन्हा आत गेली, कारण संध्याकाळचा टेकू आणि सकाळचा टेकू एकच असतो यावर तिचा विश्वास नाही.

सातव्या रांगेत आवाज बदलला. तिला वाटलं कान कंटाळला. बाहेर आली, पाणी प्यायली, शेंगदाणे खाल्ले, परत गेली. खड्. पुढचा, खड्. अकरा टेकू. तिनं खडूनं अकरा फुल्या मारल्या आणि मग बॅटरी खाली धरली. टेकूंच्या बुडाशी मातीवर एक बारीक पांढरी रेघ होती, कुणी चुन्यानं ओढावी तशी. ती रेघ तिनं लहानपणी हजारदा बघितली होती. जगन मिठागराच्या बांधावर बोट ठेवून दाखवायचा, "हितं मीठ वर आलंय ना, म्हंजे पानी आत हाय. वरनं सुकी दिसंल. पाय दिलास का जाशील." तिनं टाचेनं दाबलं. वरचा पापुद्रा फुटला आणि आतून काळसर ओल वर आली. दहा पावलांवर, भिंतीच्या कडेला, जुन्या स्लॅबवर पाणी मारायच्या पाइपाचा एक जोड थेंब थेंब गळत होता. किती दिवसांपासून, कोण जाणे.

विश्वजीत सर पंपापाशी उभे होते. माणूस सांगलीचा, बोलायला कमी, फोनमध्ये सगळ्या साईटचं वेळापत्रक.

"सर, सातव्या रांगेत अकरा सैल."

"कसं शक्य आहे? काल मी होतो ना सोबत."

"काल घट्टच होते. टेकू नाही हलला, भुई बसली. खाली पाणी मुरलंय."

"आवळून घेऊ. दहा मिनिटांचं काम."

"आवळले तर आत्ता वाजतील टण्. आत्ता वर फक्त प्लाय आणि लोखंड आहे. दीडशे टन आल्यावर काय होईल?"

सरांनी घड्याळ बघितलं. सात चाळीस. मिक्सरच्या दोन भरलेल्या गाड्या काँक्रीटच्या प्लांटवरून निघाल्या होत्या. गाडीतला माल तीन तासांत वापरला नाही तर तो दगड होतो. त्यांनी ओठ आवळले. "शेठ येतायत. तुम्ही सांगता की मी सांगू?"

"नारळ माझ्याकडं आहे," रंजिता म्हणाली, "मीच सांगते."

आठ वाजता तीन गाड्या आल्या. भामाआय नवी नऊवारी नेसून, केसात अबोलीचा वळेसर माळून. मागं सुना, नातवंडं, उरणहून आलेले मामा. कुणीतरी प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. धनेशशेठ हात चोळत पुढं आले.

"हां, मॅडम. आणा नारळ."

"शेठ, नारळ अजून दोन-अडीच तासांनी."

शेठ हसले. त्यांना वाटलं गंमत करतेय. "अगं, मुहूर्त आठ वीसचा आहे."

"माहीत आहे. खाली भराव ओला झालाय. सव्वीस टेकूंचं बूड पक्कं करायला लागेल. अकरा तर सैलच आहेत, बाकीचे शेजारचे."

"ओला? माघात पाऊस पडला काय?"

"पाइप गळतोय, दादा."

ती दादा म्हणाली तेव्हा शेठना कळलं की ही माघार घेणार नाही. त्यांचा चेहरा बदलला. मामा बघत होते, सुना बघत होत्या. "रंजे, आय पाच वाजता उठून बसलीय. मामा उरणवरनं आलेत. सगळ्या गावाला सांगून झालंय. आणि तू कपाटाला कुलूप लावून मला वेळ सांगतेस?"

"कपाट उघडंच आहे, दादा. नारळ तेवढा देत नाही."

कुणीतरी मागं फिस्सकन हसलं. शेठचा पारा चढला. ते ड्रायव्हरकडं वळले. "प्रणित, जा. नाक्यावरनं नारळ घेऊन ये. हिच्या कपाटात एक आहे म्हणून पनवेलातले नारळ संपले काय?"

प्रणित गेला. आणि रंजिताच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तीन वर्षांत तिनं या गोष्टीचा विचारच केला नव्हता. तिची सगळी व्यवस्था, एवढी मिरवलेली, एका नारळावर उभी होती आणि तसा नारळ कुठल्याही दुकानात मिळत होता. कायद्यानं काम थांबवायचं पत्र लिहिता आलं असतं, पण पत्र पोहोचेपर्यंत स्लॅब अर्धा भरला असता. ती विश्वजीत सरांकडं बघायला लागली. सर फोनवर कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होते, पाठ करून.

सात मिनिटांत प्रणित आला. एक सांगितला होता, त्यानं तीन आणले. त्यातला एक कपाटातल्या नारळाहून चांगला मोठा, शेंडीवाला.

"शुक्रा!" शेठनी हाक मारली. "तुझी माणसं खाली लाव. पंप चालू करतोय."

शुक्रा आणि त्याचे तिघे, म्हणजे माल पडत असताना खाली उभे राहणारे चौघे, सळयांच्या तुकड्यांच्या ढिगाजवळ उभे होते. शुक्रानं नारळाकडं बघितलं. मग तो सावकाश उकिडवा बसला आणि तंबाखूची डबी काढली. बाकीचे तिघेही बसले.

"काय रे, काय झालं?"

"काय नाय शेठ. नारळाची वाट बघतोय."

"हा काय मग? तीन-तीन आहेत. डोळे फुटले काय तुझे?"

"हे दुकानातले," शुक्रा चुना मळत म्हणाला. "आमचा नारळ मॅडमच्या कपाटातनं येतो."

"अरे नारळात नारळ काय वेगळा असतो?"

"तो खालनं वाजवून येतो, शेठ."

पंपवाल्यानं इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं. वर काँक्रीट हलवून बसवायचा व्हायब्रेटर धरून उभा असलेला माणूस ओणवा होऊन खाली बघायला लागला. शेठनी मोठा नारळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. चार माणसांना ओढून तर खाली उभं करता येत नाही.

तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला. "काय गो पोरी, कसला नारल? खालनं काय वाजवतंस? मना पन दाखव."

"आय, तू बस. तिकडं जायचं नाही," शेठ म्हणाले.

"मिठागरात उभा जलम गेला माजा. मना भुईचा भ्याव नको घालू." भामाआय उठल्यासुद्धा. रंजितानं आपलं हेल्मेट त्यांच्या डोक्यावर ठेवलं. अबोलीचा वळेसर खाली दबला, तर त्या म्हणाल्या, "फुलं गेली का गो?" आणि स्वतःच हसल्या.

रंजिता त्यांना आत फार नेणार नव्हतीच. सातव्या रांगेचं टोक बाहेरूनच दिसत होतं. तिनं आधी सहाव्या रांगेतला एक टेकू वाजवला. टण्. मग सातवीतला. खड्.

"आवाज मना नाय कलत," भामाआय म्हणाल्या. "ती रेघ कसली हाय?"

रंजितानं बॅटरी रेघेवर धरली. भामाआयनी चपला काढल्या, नऊवारीचा काठ वर धरला आणि टाच मातीवर रोवली. पापुद्रा करकर फुटला. टाचेभोवती ओल साचली.

"जगनची ना गो तू?"

"हो, आय."

"तुजा बापूस एकदा माज्यावर वरडला होता. डोक्यावर मिठाची पाटी घेवून अशाच बांधावर पाय ठेवला मी. पाटी गेली पान्यात." त्या वळल्या. "धनेश! हिकडं ये. चपला काढ."

"आय, मुहूर्त..."

"मुहूर्त भटानं काढला. त्याला ही भुई दाखवली व्हती काय? हितं आमी पाटी घेवून जात नव्हतो, आन तू दहा एसट्या ठेवतंस?" दहा एसट्यांचं त्यांनी शुक्राकडून की कुणाकडून ऐकलं होतं, देव जाणे. साईटवर रंजिता ते सगळ्यांनाच सांगत सुटायची.

शेठनी बूट काढले नाहीत. पण बुटाच्या टाचेनं दाबून बघितलं. मग नारळ प्रणितच्या हातात देऊन म्हणाले, "ठेव गाडीत."

पुढचं काम विश्वजीत सरांचं. मघाशी पाठ करून ते प्लांटशीच बोलत होते. मागच्या आठ गाड्या त्यांनी प्लांटवरच थांबवल्या होत्या, न भरता. आलेल्या दोन गाड्यांचा माल कंपाउंडलगतच्या रस्त्याच्या पायात ओतायचा, जो खरं तर पुढच्या सोमवारी भरायचा होता. त्याची तयारी परवाच झाली होती. "वेळापत्रकात सोमवार मोकळा झाला," ते रंजिताला म्हणाले, आणि पहिल्यांदा थोडं हसले. "मी आधी बोललो असतो, पण तुम्ही काय करता ते बघायचं होतं."

"बघायचं होतं? सर, दुकानातला नारळ फुटायला आला होता."

"दिसलं ते."

आठ माणसं कामाला लागली. नियम एकच, एका वेळी एकच टेकू काढायचा, तोही शेजारी जादाचा टेकू लावून. ओली माती हातभर खणून काढायची, खडी घालून धुमसानं ठोकायची, वर एक जाड फळी, तिच्यावर आडवी दुसरी, मग टेकू बसवून आवळायचा. गळका जोड गोरखनं लंगडत जाऊन स्वतः बदलला. स्टोअरकीपरचं ते काम नव्हतं.

भामाआयनी देवळासाठी आणलेल्या शिऱ्याचं पातेलं उघडलं. "आय, नैवेद्य अजून दाखवला नाही," सून म्हणाली. "देव कुटं पलून चाललाय? ही पोरं सकालपासनं उपाशी हायत." शिरा कागदी बशांतून सगळ्यांना मिळाला. मामा तीन बशा खाऊन खुर्चीतच पेंगले.

दहाच्या सुमाराला सव्वीस टेकू झाले. धनेशशेठ आशेनं उठले. रंजितानं हातोडी घेतली.

"आता काय?"

"वाजवते."

"सव्वीस ना?"

"तीनशे बारा, दादा."

शेठनी आभाळाकडं बघितलं आणि परत बसले. या वेळी मात्र ती एकटी नव्हती. भामाआय बाहेर खुर्चीत बसून तिच्या मागोमाग आवाज ऐकत होत्या आणि मधूनच ओरडून विचारत होत्या, "ह्यो बरा हाय ना गो?" पन्नास मिनिटं. सगळे टण्.

दहा पन्नासला रंजितानं कपाटातून नारळ काढला. भामाआयनी तो एका फटक्यात फोडला, मधोमध, पाणी पंपाच्या नळीवर. शुक्रानं तंबाखू थुंकली, हेल्मेटचा पट्टा आवळला आणि आपल्या तिघांना घेऊन खाली गेला. संध्याकाळी पाचला शेवटची गाडी रिकामी झाली. दुकानातल्या तीन नारळांची शुक्राच्या बायकोनं, साळूनं, पाट्यावर चटणी वाटली आणि ती भाकरीबरोबर सगळ्या गँगनं खाल्ली.

स्लॅबला काही झालं नाही. एक भेग नाही, कुठं झोळ नाही. तीन आठवड्यांनी टेकू काढले तेव्हा खालून छत आरशासारखं सपाट निघालं.

विश्वजीत सरांनी कुतूहल म्हणून हिशोब मांडला. भराव इतका ओला धरला तर सातवी रांग बसते, तितका धरला तर तग धरते. "दोन्ही उत्तरं येतात," ते म्हणाले. रंजितानं तो कागद घडी घालून कपाटात ठेवला. तिला त्या उत्तराची फार गरज वाटली नाही. गोरख म्हणाला तेच तिला पटलं होतं. "मॅडम, माझा पाय बघून लोक विचारतात काय झालं. तुमच्या स्लॅबकडं बघून कुणी काय विचारणार? बरंच आहे की."

ती समाधानी आहे. शेठनी त्या दिवसाबद्दल पुन्हा शब्द काढला नाही, पण गणपतीत गावी भेटले तेव्हा जगनच्या शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "तुमची लेक फार महागाची आहे हो." जगन म्हणाला, "मंग? मिठावर वाढवलंय." आता शेठनी उरणच्या बाजूला दुसरी साईट घेतलीय आणि तिथं रंजितालाच बोलावलंय. पगार वाढला, हाताखाली दोन माणसं. करंजाड्याला तिच्या जागी रुचिरा येणार. खारघरची मुलगी, नुकतीच पास झालेली, हुशार. मागच्या आठवड्यात रंजितानं तिला हातोडी दिली, आवाज शिकवला, शेंगदाणे खायचंही शिकवलं आणि कपाटाची किल्ली दिली.

किल्ली देताना मात्र तिच्या मनात तो प्रश्न परत आला. शुक्राला तो तिनं आतापर्यंत तीनदा विचारलाय. तू त्या दिवशी टेकूंखाली जायचं सोडून का बसलास? पहिल्यांदा तो हसून म्हणाला, "नारळ नव्हता ना, मॅडम." दुसऱ्यांदा म्हणाला, "तुमी नाय म्हनालात, म्हनून." तिसऱ्यांदा त्यानं नुसतं स्टोअरच्या दाराकडं बघितलं. तिथं गोरख खिळ्यांची खोकी मोजत उभा होता.

तीनही उत्तरं खरी असतील. पण रंजिताला ती वेगवेगळी करून हवी आहेत, कारण पुढचा सगळा भार त्यावर आहे. तपासून बघायचा एक मार्ग आहे, आणि तो ती कधीच वापरणार नाही. परवा जाता जाता ती शेवटची पोडियमखाली गेली, मोकळ्या झालेल्या जागेत. हातात हातोडी होती, वाजवायला काही नव्हतं. उद्या कुणी घाईत असलं, कान कंटाळला, आणि टेकू न वाजवताच कपाटातून नारळ बाहेर आला, तर शुक्रा तेव्हाही आत न जाता बसून राहील का?